आकाशगंगेचा न जुळणारा हिशेब



पगारपत्रके तपासण्यात हयात घालवलेल्या माणसाने आकाशगंगेवर बोलायला उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आजचा विषयही न जुळणाऱ्या हिशेबाचाच आहे, म्हणून आम्ही धीर केला.

वैशाखातल्या मध्यरात्री गावाबाहेर जाऊन वृश्चिकाच्या नांगीकडे पाहा. आकाशगंगेचा पट्टा तिथे दाट दिसतो. तिकडेच, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, तिचे केंद्र आहे. लाखभर प्रकाशवर्षे रुंद अशी ही ताऱ्यांची चकती, आणि आपण तिच्या आतच बसलेलो! माजघरात बसून साऱ्या वाड्याचा नकाशा काढायचा, तोही धूर कोंडलेला असताना. १७८५ साली विल्यम हर्शेलने तारे मोजून सूर्याला जवळजवळ मध्यभागी बसवले, ते या धुळीमुळेच. १९५१ मध्ये हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओलहरी पकडता आल्या. त्या धुळीतून आरपार येतात, आणि त्यांच्या आधारे सर्पिल भुजांचा माग लागला. आपल्या नारायणगावाजवळ खोडदला ज्या दुर्बिणी आहेत, त्यांनाही या लहरी ऐकू येतात.

या भुजा म्हणजे चक्राचे पक्के आरे नव्हेत. तसे असते तर आतले तारे लवकर फेरी पुरी करतात, म्हणून थोड्याच फेऱ्यांत भुजा सुतासारख्या गुंडाळल्या गेल्या असत्या. सूर्याच्या तर आजवर वीसएक फेऱ्या झाल्या. १९६४ मध्ये लिन आणि शू यांनी मांडले की भुजा ही दाटीची लाट आहे. कारखान्याच्या दारावरची सभा आठवा. पाळी सुटते, माणसे येतात, घटकाभर रेंगाळतात, जातात, नवी येतात. गर्दी तीच, माणसे निराळी. ही लाट किती काळ टिकते, यावर मात्र पंडितांत अजून वाद आहे.

आता हिशेबाकडे. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच; कारण सारे वजन मध्ये, सूर्यात. दीर्घिकेतही उजेड मध्यभागी एकवटलेला, तेव्हा कडेचे तारे मंद असायला हवेत. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिका तपासली. कडेचा वेग उतरेचना. या बाईंना एवढ्यावर समाधान नव्हते. १९८० पर्यंत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी २१ दीर्घिका मोजल्या, आणि तोच प्रकार आढळला. दिसणाऱ्या वजनाने एवढ्या वेगाचे तारे धरून ठेवताच येणार नाहीत. झ्विकीने १९३३ सालीच दीर्घिकांच्या एका समूहात अशी तूट दाखवली होती. त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

हिशेब जुळेना, तर हजेरीपटात कोणी राहून गेले असेल, किंवा दराचा नियमच चुकला असेल. दोन्ही पूर्वी घडले आहे. युरेनसची चाल बिघडलेली दिसली, तेव्हा न दिसलेला ग्रह शोधला, आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाची चाल बिघडली, तेव्हाही असाच ग्रह कल्पिला, नावसुद्धा ठेवले, तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाचा नियमच नवा दिला.

आज बहुतेक शास्त्रज्ञ अदृश्य कृष्णद्रव्य मानतात, साध्या द्रव्याच्या पाचपटीहून अधिक. मिलग्रॉमने १९८३ मध्ये नियम बदलून पाहिला. त्याचेही काही अनुयायी आहेत. आमचा कल पहिल्या पक्षाकडे. दोन दीर्घिकासमूहांची टक्कर झाली, त्यात वायू मध्ये अडकला आणि वजन पुढे निघून गेले, असे २००६ मध्ये दिसले. हे नुसत्या नियमाने उलगडत नाही. पण गडी अजून हाती लागलेला नाही. अमेरिकेत साउथ डकोटातील सोन्याची खाण २००२ मध्ये बंद झाली. तिच्यात सुमारे दीड किलोमीटर खोल, कित्येक टन द्रव झेनॉन भरून माणसे वाट पाहत बसली आहेत. कृष्णद्रव्याच्या एखाद्या कणाचा धक्का त्यांना अजून लागलेला नाही.