सुंभाने शिवलेली नौका

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये संध्याकाळी फिरावयास निघालेल्या माणसाला समुद्राची आठवण व्हावी असे तेथे काही नाही. पूर्वेचा असो की पश्चिमेचा, समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. या नगराचा संसार पोलादाचा. १९५५ साली सोव्हिएत सहकार्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून येथील घराघरांतील वेळापत्रक कारखान्याच्या पाळ्यांनी बांधले गेले. तथापि या भूमिबद्ध नगराचा समुद्राशी अगदीच संबंध नाही असे म्हणता येणार नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी बोकारो आणि राउरकेला यांच्याबरोबर भिलाईनेही पोलाद पुरविले होते. जेथे पोलादाचे जाड पत्रे लाटले जातात, तेथे फळ्यांच्या जोडणीत खिळ्याचे नावही नसलेल्या एका नौकेची हकीकत सांगणे थोडे विसंगत वाटेल. पण लोखंडाची किंमत जाणणारी माणसेच लोखंडावाचून काय साधता येते याचे मोल अधिक नेमकेपणाने करू शकतात.

ही नौका म्हणजे ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’. २९ डिसेंबर २०२५ रोजी ती पोरबंदरहून निघाली आणि १४ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे ऐन संक्रांतीच्या दिवशी, ओमानच्या मस्कत बंदरात पोहोचली. सुमारे १४०० किलोमीटरचे अंतर. आजचे मालवाहू जहाज ते दोनतीन दिवसांत तोडते. विमानाला दोनतीन तास पुरतात. कौंडिण्य सतराव्या दिवशी पोहोचली. नौकेला इंजिन नाही, खोल्या नाहीत; खलाशी उघड्यावर झोपण्याच्या पिशव्यांत निजत. चौकोनी शिडे वाऱ्यावर धरावयाची आणि मागच्या बाजूच्या लांब वल्ह्यांनी दिशा राखावयाची, एवढेच साधन. वारा अनुकूल असेल तर ही शिडे उत्तम ओढतात. तो समोरून आला की मुकाट्याने वाट पाहावी लागते.

नौकेचा जन्म एका चित्रातून झाला. सिविक सेंटरमध्ये नेहरू आर्ट गॅलरी आहे. तेथे माणूस चित्रापुढे क्षणभर उभा राहतो आणि पुढे जातो. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील एका चित्रापुढेही शतकानुशतके असेच झाले असेल. चित्र पाचव्या शतकातील. त्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे, त्यावर कुंभ मांडलेले आहेत, आणि जहाज संकटात सापडले आहे. कथा पूर्णाची. हा पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे मुंबईच्या उत्तरेस असलेल्या आजच्या नालासोपाऱ्याचा. त्याचा भाऊ चंदनाच्या शोधात समुद्रावर गेला, वादळात सापडला, आणि पूर्णाने त्याला वाचविले. सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. तेव्हा हे चित्र म्हणजे परदेशीच्या समुद्राचे कल्पनाचित्र नव्हे. ज्या किनाऱ्यावरून जहाजे खरोखर सुटत होती त्या किनाऱ्याची ती कथा आहे.

या चित्रावरून प्रत्यक्ष नौका बांधावी ही कल्पना अर्थतज्ज्ञ आणि इतिहासलेखक संजीव संन्याल यांनी मांडली. २०२३ च्या जुलैत सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात तिहेरी करार झाला व सप्टेंबरात बांधणीस आरंभ झाला. सरकारी कारभार ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कराराचे कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही. ज्या वस्तूचा आराखडा उपलब्ध नाही, जिचा पूर्वीचा दर नाही, आणि जी बांधणारे कारागीर बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत, अशा वस्तूसाठी पैसा मंजूर करून घेणे हे अरबी समुद्र ओलांडण्याइतकेच धाडसाचे काम आहे! चित्रकाराने जहाजाची बाहेरची रेषा दाखविली होती. पाण्याखालचा भाग त्याने दाखविलेला नाही, आणि तो दाखविण्याचे त्याला कारणही नव्हते. तो भाग अनुमानाने ठरवावा लागला. आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीची जलचाचणी झाली, नौदलाच्या तज्ज्ञांनी ताकदीचे हिशेब केले. शिवणकाम मात्र हिशेबाने होणारे नव्हते. ते केरळातील बाबू शंकरन या कसबी कारागिराने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.

हे शिवणकाम कसे असते? आजच्या लाकडी होडीत बहुधा आधी बरगड्यांचा सांगाडा उभा राहतो आणि मग त्यावर फळ्या ठोकल्या जातात. शिवलेल्या नौकेत क्रम उलटा. फळीला फळी काठाने भिडवून आधी कवच तयार करावयाचे आणि बरगड्या नंतर आत बसवावयाच्या. फळ्यांच्या काठाशी समोरासमोर छिद्रे पाडतात. सांध्यावर नारळाच्या काथ्याची लांब वळकटी ठेवतात आणि तिच्यावरून सुंभ ओवतात. एक माणूस नौकेच्या आत, दुसरा बाहेर. दोघे मिळून सुंभ ताणतात, पाचर मारून तो ताण धरून ठेवतात, आणि मग पुढचा टाका. शेवटी छिद्रे काथ्याने व राळेने बुजवितात. आतला आणि बाहेरचा माणूस परस्परांना दिसत नाहीत. दोरीचा ताण हीच त्यांची भाषा. हा ताण किती असावा हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. तो कमी पडला तर सांधा गळतो, जास्त झाला तर फळी चिरते.

इतका खटाटोप कशासाठी? आपल्याकडील जुन्या ग्रंथांत एक गमतीचे कारण दिलेले आहे. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त समुद्रगामी नौकेच्या जोडणीत लोखंड वापरू नये असे सांगितले आहे, कारण समुद्रातील लोहचुंबकाचे खडक तिला ओढून घेतील. खरे कारण याहून साधे आणि शहाणपणाचे आहे. खिळ्याने जोडलेले कवच ताठ असते. शिवलेले कवच लवते. लाट आदळली किंवा तळ वाळूला घासला तर ते थोडे दबते आणि पुन्हा आपल्या जागी येते. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, लोखंड गंजते. शिवाय दुरुस्तीला लोहार लागत नाही. नारळाची झाडे असलेला कोणताही किनारा पुरतो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण हेकट माणसाला उद्देशून वापरतो. समुद्रावर त्या पिळानेच माणसे तारली आहेत. अर्थात सगळ्यांनाच हे पटत होते असे नाही. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझला अशा नौका पाहिल्या आणि त्या अगदी वाईट व धोक्याच्या आहेत असा शेरा मारून ठेवला.

कौंडिण्य मस्कतला पोहोचली तेव्हा आपल्याकडे अभिमानाचे पुष्कळ बोलले गेले. तो अभिमान अस्थानी नव्हता. परंतु नौका भारताची, कौशल्य भारताचे आणि पलीकडचा किनारा केवळ पाहुणचाराचा, असा जर कोणी त्याचा अर्थ केला तर मोहिमेचा गाभाच निसटेल. जिच्या शिडावर गोव्याच्या कदंबांचा गंडभेरुंड आहे आणि नाळेवर सिंहयाळी आहे, ती नौका ज्या बंदरात शिरली त्या ओमानातच ४५ वर्षांपूर्वी अशी एक नौका बांधली गेली होती, आणि तिची कथा दोन्ही किनाऱ्यांची आहे.

टिम सेव्हरिन या ब्रिटिश प्रवाशाने १९८० मध्ये सुलतान काबूस यांच्या आश्रयाने ओमानातील सूर या गावी ‘सोहार’ नावाची नौका बांधविली. सिंदबादच्या सफरींत इतिहास किती आणि कल्पना किती हे त्यांना प्रत्यक्ष प्रवासाने तपासावयाचे होते. नौका सुमारे ८० फुटांची. तिच्या फळ्यांना वीस हजारांच्या आसपास छिद्रे पाडावी लागली आणि सुमारे ४०० मैल लांबीचा सुंभ लागला. परंतु ओमानच्या वाळवंटात अशा नौकेला जोगे लाकूडही नाही आणि इतका नारळही नाही. लाकूड मलबारातून गेले. सुंभ भारतातून गेला आणि शिवणारे हातही येथलेच, त्यांत लक्षद्वीपची माणसे होती. १९८० च्या नोव्हेंबरात निघालेली ही अरबी नौका १९८१ च्या जुलैत चीनच्या कँटन बंदरात पोहोचली. पुढे २०१० साली ‘ज्युएल ऑफ मस्कत’ ही दुसरी शिवलेली नौका ओमानहून सिंगापूरला गेली; तिच्या शिवणीतही केरळी हात होते.

सगळेच प्रयोग यशस्वी झाले असे समजू नये. २००५ मध्ये वेताची व डांबराची एक नौका, सिंधूकाळातील ‘मगन’ या ओमानच्या प्राचीन नावाने, सूरहून कच्छच्या मांडवीकडे निघाली. काही तासांतच तिच्यात पाणी भरले आणि ती बुडाली. माणसे सुखरूप परतली. त्या अपयशाचीही नोंद ठेवली पाहिजे, कारण प्राचीनांना जे साधले होते ते आपल्याला केवळ इच्छेने साधत नाही, हे त्याने शिकविले.

हा व्यवहार नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचहून ओमानाकडे सागवान आणि इतर लाकूड जात असल्याचे म्हटले आहे आणि त्याच भागातून शिवलेल्या होड्या दक्षिण अरबस्तानात येत असल्याचेही. येमेनच्या सोकोत्रा बेटावर होक नावाची खोल गुहा आहे. तिच्या अंधारात भारतीय दर्यावर्दींनी ब्राह्मी लिपीत आपली नावे लिहून ठेवलेली आढळली. त्यांत भडोचची माणसे आहेत. मोसम बदलण्याची वाट पाहत अडकलेल्या माणसाने भिंतीवर आपले नाव लिहावे, ही गोष्ट किती ओळखीची वाटते!

आणि पलीकडची माणसे अलीकडेही आलीच. इ.स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब प्रवासी सैमूरला, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातील (आज त्याला रायगड म्हणतात) चौल येथे आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो: ओमानचे, सिराफचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि याच भूमीत जन्मलेली त्यांची संतती. राष्ट्रकूट राजाला हे अरब ‘बल्हारा’ म्हणत. तो शब्द ‘वल्लभराज’ याचा अपभ्रंश होय. या राजसत्तेने अरबांना केवळ व्यापाराची मुभा दिली असे नाही. पालघर जिल्ह्यात चिंचणी येथे सापडलेल्या शके ८४८ च्या, म्हणजे इ.स. ९२६ च्या ताम्रपटात संजान प्रांताचा अधिकारी म्हणून मधुमती नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब, दिसतो. मधुमती हे मुहम्मदाचे संस्कृत रूप. या अधिकाऱ्याने नदी ओलांडण्यासाठी विनामूल्य होड्यांची सोय केली आणि भात, वरण व तूप देणारे अन्नछत्र घातले. शिवाय भगवतीच्या मठाला मिळालेल्या दानाला त्याची संमती आहे. हजार वर्षांपूर्वीचा हा सरकारी कागद वाचताना कोणालाही आश्चर्य वाटेल. त्या कागदात मात्र आश्चर्याचा लवलेश नाही. लिहिणाऱ्या कारकुनाला हा नित्याचाच कारभार होता.

हे सगळे आपल्या भाषेतही उरले आहे. मोसम हा शब्द अरबी. ठरलेल्या वेळेला तो शब्द आहे, आणि दर्यावर्दींची ठरलेली वेळ म्हणजे वाऱ्याची. खलाशी अरबीतून आला, बंदर आणि नाखवा फारसीतून. कोकणातला कोळी हे शब्द वापरताना परभाषा बोलतो असे त्याला वाटत नाही. आणि अगदी अलीकडचे पाहावयाचे तर आपला रुपया आखातात चालत होता. त्या प्रदेशासाठी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने वेगळ्या नोटाही काढल्या, आणि ओमानात तो रुपया १९७० पर्यंत टिकून होता.

कौंडिण्य हे नाव ज्याचे आहे तो दर्यावर्दी परंपरेनुसार पूर्वेस गेला होता. मेकाँगच्या खोऱ्यात, आजच्या कंबोडियाच्या भूमीत, त्याने सोमा नावाच्या राणीशी विवाह करून राजवंश स्थापिला असे सांगतात. त्याच्या नावाची नौका मात्र पहिल्या परदेशगमनासाठी पश्चिमेकडे वळली. नावाशी हे जुळत नाही. पण हिवाळ्यात वायव्य भारताच्या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे जाण्यास अनुकूल असणाऱ्या वाऱ्याला नावाशी कर्तव्य नसते.

‘सोहार’ आज पाण्यात नाही. मस्कतजवळ अल् बुस्तान येथे एका वाहतूकचौकाच्या मधोमध ती उभी करून ठेवली आहे, आणि तिच्याभोवती दिवसरात्र मोटारी फिरत असतात. त्यांपैकी कित्येक मोटारी केरळातील आणि कोकणातील माणसे चालवीत असतील. कोरड्यावर ठेवलेल्या नौकेच्या फळ्या आक्रसतात आणि सुंभ ढिला पडतो. तो पुन्हा ओवावयाचा तर पुन्हा दोन माणसे लागतात, एक आतून आणि एक बाहेरून.