पुराचे दुसरे पाणी

पूर म्हटला की आपणांस नावा आठवतात आणि छपरांवर बसलेली माणसे आठवतात. मला आज बोलावयाचे आहे ते पूर ओसरल्यानंतरच्या पंधरवड्याविषयी.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा पंचावन्न फुटांवर गेली; तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला. पाणी उपसणारी यंत्रेही बुडाल्यामुळे कोल्हापुरात चहूकडे पाणी आणि नळ मात्र कोरडे, असा विलक्षण प्रकार झाला. २०२१ च्या जुलैत त्याचीच पुनरावृत्ती झाली.

आपले पेठ वडगाव नदीकाठी नाही, हे आपले भाग्य. परंतु निलेवाडी, घुणकी, खोची या वारणाकाठच्या गावांतील सोयरे अशा वेळी गाठोडी घेऊन येतात ते अशाच उंचावरील गावी. एका घरात दोन कुटुंबे नांदू लागली म्हणजे पिण्याच्या पाण्याची काळजी दुप्पट घ्यावी लागते. पुराच्या पाण्यात मैला मिसळतो आणि त्यातून हगवण व कावीळ उद्भवते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून अनवाणी चालणाऱ्यास लेप्टोचा ज्वर जडतो. तेव्हा घर धुताना पायांत रबरी बूट असावेत, आणि ताप आल्यास अंगावर काढू नये.

पाणी गढूळ असल्यास तुरटी फिरवून निवळू द्यावे व नंतर उकळावे. सरपण वा गॅस नसेल तर ब्लीचिंग पावडर आहेच. हजार लिटर स्वच्छ पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम पावडर पुरते. ती थोड्या पाण्यात कालवून वरची निवळ तेवढी घालावी आणि तासभर थांबावे. वासाने पाहुणे नाक मुरडतील. खुशाल मुरडू द्यावे. मात्र उघड्या डब्यातील जुन्या पावडरीचा गुण उडून गेलेला असतो, हे विसरू नये.

इतके करूनही जुलाब लागलेच तर? १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी उसळली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचे द्रावण पिंपांतून वाटले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तिसाच्या आसपास होते, ते तीन-चारांवर उतरले. घरी त्याची कृती अशी: एक लिटर शुद्ध पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अधिक पडता कामा नये.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे. ती गाठल्याची वार्ता कानी पडताच पिंप झाकून भरून ठेवावे, आणि घरातील वृद्धांच्या रक्तदाबाच्या गोळ्या व मधुमेह्याचे इन्शुलिन महिनाभराचे आणून ठेवावे. दुसऱ्या दिवशी रस्ता खुला असेलच असे नाही.