करिअरची निवड आणि आंतरजाल : शोधाची शिस्त

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या परंपरेत उपजीविकेचा विचार धर्मविचारापासून कधीच वेगळा काढलेला नाही. आद्य तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे आपली पुराणे सांगतात. माणसाने जगावे कसे, हा प्रश्न त्यांनी मोक्षमार्गाच्या उपदेशाआधी हाती घेतला. त्या सहा कर्मांचा विस्तार आज किती झाला आहे? भारत सरकारच्या २०१५ च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात साडेतीन हजारांहून अधिक व्यवसायांची नोंद आहे. मात्र आपल्या घरांत दहावीचा निकाल लागल्यावर जी चर्चा होते, तीत डॉक्टर, इंजिनिअर, सी.ए., बँक आणि घरचे दुकान यांपलीकडची नावे क्वचितच येतात. मुलांची बुद्धी यात कमी पडत नाही. माहितीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

पूर्वी ही माहिती माणसांमार्फत येत असे. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने, म्हणजे आजच्या दक्षिण भारत जैन सभेने, कोल्हापूर, सांगली अशा ठिकाणी वसतिगृहे चालविली. खेड्यातून आलेल्या मुलाला तिथे निवारा मिळालाच; शिवाय वरच्या वर्गातले विद्यार्थी आणि जाणते वडीलधारे यांच्या सहवासात पुढच्या वाटाही कळल्या. ज्याला असा सहवास लाभला नाही, त्याची वाट गावातल्या एखाद्या ओळखीच्या गृहस्थाच्या सांगण्यावर ठरे. आता मोबाईल प्रत्येकाच्या हाती आहे आणि माहितीचा तुटवडा संपला आहे. त्या जागी निवडीचा प्रश्न उभा राहिला आहे. कोणती माहिती खरी, कोणती जुनी आणि कोणती विकण्यासाठी मांडलेली, हे ओळखायचे कसे?

याचे उत्तर आपल्याच दर्शनात आहे. वस्तूला अनेक धर्म असतात. एका बाजूने घेतलेला तिचा बोध म्हणजे एक नय. एका संकेतस्थळावरील माहितीकडेही असेच पाहावे. तो एक नय आहे. त्यालाच संपूर्ण सत्य मानले की एकांताचा दोष आला. म्हणून कोणत्याही व्यवसायाचा शोध घेताना निदान चार बाजू पाहाव्यात : त्या क्षेत्राचे नियमन करणारी संस्था काय सांगते, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष काय शिकवितात, नोकरी देणारे जाहिरातीत काय मागतात आणि ते काम रोज करणारी माणसे काय सांगतात.

एक उदाहरण सविस्तर पाहू. आपल्या समाजात शेतकरी कुटुंबे पुष्कळ आहेत. ऊस, द्राक्षे, हळद पिकविणाऱ्या घरातील एखाद्या मुलीला अन्नतंत्रज्ञान शिकावेसे वाटले, तर तिने शोध कसा घ्यावा?

पहिली बाजू नियमांची. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा आहे आणि त्याखालील परवान्यांचे विनियम २०११ चे. ते भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर वाचावयास मिळतात. परवानाधारक उत्पादकाने उत्पादनावर देखरेखीसाठी किमान एक तांत्रिक व्यक्ती नेमली पाहिजे, अशी अट त्यांत आहे. या क्षेत्रातील नोकरीला कायद्याचा आधार आहे, हे इथे कळते. त्याच अटीत दुसरी गोष्टही दिसते : अन्नतंत्रज्ञानाच्या पदवी-पदविकेप्रमाणेच रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी घेतलेली व्यक्तीही त्या जागेस पात्र ठरते. म्हणजे ज्या घराला चार वर्षांच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमाचा खर्च झेपत नाही, त्या घरासाठीही एक दार उघडे आहे.

दुसरी बाजू अभ्यासक्रमाची. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हैसूरची केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था यांची संकेतस्थळे उघडावीत आणि माहितीपत्रकातील चित्रांवर न थांबता विषयांची यादी वाचावी. कृषी विद्यापीठांच्या या पदवीत दूध, धान्य, फळे-भाजीपाला यांच्या प्रक्रियेबरोबर मांस व कुक्कुट उत्पादनांच्या प्रक्रियेचाही विषय असतो. आपल्या मुलामुलींना हे प्रवेशानंतर तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. श्रावकाचारात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत; उपजीविका निवडताना हिंसेचा विचार करावा, हा त्यामागचा हेतू आहे. यास्तव हे क्षेत्रच सोडावे, असे मी म्हणणार नाही. प्रात्यक्षिकाचे स्वरूप काय, पर्यायी विषय घेता येतो का, हे महाविद्यालयाला पत्राने विचारता येते. पुढे नोकरी धान्यप्रक्रियेत करायची की गुणवत्ता तपासणीत, हेही आपल्याच हाती असते. पण हा निर्णय डोळे उघडे ठेवून व्हावा.

तिसरी बाजू नोकरीच्या बाजाराची. केंद्रीय श्रम मंत्रालयाचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे संकेतस्थळ २०१५ पासून सुरू आहे आणि त्यावरील नोंदणी विनामूल्य आहे. आज नोकरी नको असली तरी तिथल्या जाहिराती वाचाव्यात. कोणत्या गावी जागा आहेत, किती अनुभव मागतात, कोणते कौशल्य पुन्हा पुन्हा येते, हे एका वहीत टिपावे. वीस जाहिराती वाचल्या की बाजाराचा अंदाज येतो. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या ओ-नेट या संकेतस्थळावर शेकडो व्यवसायांतील दैनंदिन कामांचे तपशीलवार वर्णन आहे. कामाचे स्वरूप समजण्यासाठी ते उत्तम. तेथील पगाराचे आकडे मात्र आपल्याला लागू पडत नाहीत.

चौथी बाजू माणसांची. लिंक्डइनसारख्या ठिकाणी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची नावे मिळतात. नम्रपणे, थोडक्यात लिहावे आणि नेमके प्रश्न विचारावेत : आपला दिवस कसा जातो, पहिली नोकरी मिळण्यास किती काळ लागला, या कामातील कोणती गोष्ट त्रासाची आहे? सगळेच उत्तर देणार नाहीत. जे देतील त्यांचे चार शब्द कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाचे ठरतील.

माहितीला काळाचीही मर्यादा असते. आपल्याकडे सनदी लेखापालांची संख्या मोठी आहे, म्हणून त्यांचेच उदाहरण घेतो. सी.ए.च्या आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांचा, असे घरातील काका सांगतात आणि कित्येक संकेतस्थळांवरही तसेच छापलेले आढळते. परंतु १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत तो दोन वर्षांचा झाला आहे. शिष्यवृत्तीचेही तसेच. जैन समाजास २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. पण त्यानंतर योजना बदलत गेल्या. संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली. म्हणून राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आणि राज्याचे महाडीबीटी यांवरील चालू वर्षाची सूचनाच प्रमाण मानावी.

पालकहो, आता एक कठोर गोष्ट बोलतो. माहितीअभावी चुकलेला निर्णय घराला वर्षानुवर्षे फेडावा लागतो. वैद्यकीय शिक्षणासाठी मुलांना परदेशी पाठविण्यापूर्वी राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे विनियम वाचावेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, माध्यम इंग्रजी हवे, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. या अटी पुऱ्या नसतील तर परतल्यावर येथे व्यवसाय करता येत नाही. दलालाच्या हाती पैसे देण्यापूर्वी हे वाचण्यास अर्धा तास लागतो. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, तीही पाहावी. नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणारा संदेश आला, तर तो फसवणुकीचाच समजावा. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

विद्यार्थी मित्रांनो, वाचण्याबरोबर चाखूनही पाहता येते. आय.आय.टी. आणि भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर आणि अनेक विषयांचे अभ्यासक्रम 'स्वयम्'वर विनामूल्य ऐकता येतात. शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. ज्या विषयात चार वर्षे घालवायची, त्याची दहा व्याख्याने सुट्टीत ऐकावीत. कंटाळा आला तर तोही उपयोगी निष्कर्ष आहे. मागील वर्षी कोणत्या महाविद्यालयात किती गुणांवर प्रवेश झाले, हे राज्याच्या सीईटी कक्षाच्या याद्यांत मिळते. त्यावरून आपली पायरी ओळखावी. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीतून प्रश्न विचारला तरी सफाईदार उत्तर मिळते. प्रश्न सुचण्यासाठी तिचा उपयोग जरूर करावा; परंतु तारीख, शुल्क आणि पात्रता या तीन गोष्टी मूळ संस्थेच्या पानावर पडताळल्याखेरीज स्वीकारू नयेत.

आपल्या वारशाशी जोडलेली क्षेत्रेही या शोधात सापडतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबरच प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत प्राकृत हा स्वतंत्र विषय आहे आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणी हस्तलिखितांचे मोठे भांडार आहे. ही वाट थोड्यांची आहे आणि जागाही थोड्या आहेत, हे स्पष्ट सांगतो. पण जिला ओढ आहे, तिला ती माहीत तरी असावी.

'तिला' असे मुद्दाम म्हणालो. भगवंतांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, असे आपण अभिमानाने सांगतो. मग घरातील मुलीच्या हाती मोबाईल देताना संशय आणि मुलाच्या हाती देताना विश्वास, हा भेद आपल्या कथेशी जुळत नाही. आई-वडिलांनी मुलीसोबत बसावे, तिच्या वहीतील चार बाजू वाचाव्यात आणि मग आपले मत सांगावे.

शेवटी विश्वस्त मंडळास नम्र विनंती. पन्नास वर्षे आपण विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके आणि शिष्यवृत्त्या देत आलात. पुढील काळात दर रविवारी दोन तास, एक संगणक आणि एक जाणता स्वयंसेवक, एवढी सोय व्हावी. गावाबाहेर गेलेल्या आपल्या लोकांची, त्यांच्या संमतीने, व्यवसायवार सूचीही तयार व्हावी. ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, अशा मुलाला विचारण्याजोगे एक ठिकाण मिळेल. वसतिगृहांनी एकेकाळी जे केले, तेच हे काम आहे.