मण्यांचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मणी ओवणं, गोधडी शिवणं ही बायकांची फावल्या वेळातली कामं समजली जातात. त्यांना कुणी शिल्प म्हणत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉइस स्कॉट या कृष्णवर्णीय बाईने मात्र सुईदोरा आणि काचेचे मणी घेऊन शिल्पंच घडवली. तिचा जन्म १९४८ चा. आई एलिझाबेथ गोधड्या शिवायची, लोकांच्या घरी कामं करायची. सुई धरायला जॉइस तिच्याकडेच शिकली. पुढे १९७० च्या दशकात तिथल्या आदिवासींचा एक टाका शिकली. त्यात कापड लागत नाही. मण्याला मणी जोडत जायचं, आणि वस्तू स्वतःच्या बळावर उभी राहते.

पण काचेचा मणी वाटतो तितका निरागस नाही. व्हेनिस आणि जवळच्या मुरानो बेटावरचे मणी शेकडो वर्षं आफ्रिकेत जात. त्यांच्या बदल्यात सोनं, हस्तिदंत आणि माणसंसुद्धा घेतली जात. ते मणी दोऱ्यात ओवायच्या व्हेनिसच्याच गरीब बायका, तुटपुंज्या मजुरीवर. एकीची बोटं झिजली, दुसरी त्याच मण्यांच्या मोलाने विकली गेली. इतिहासात दोघींचीही नावं नाहीत.

जॉइस पुढे मुरानोलाच गेली. तिथल्या कारागिरांबरोबर फुंकलेल्या काचेला तिने आपलं मणीकाम जोडलं. १९९१ च्या तिच्या एका शिल्पात काळी दाई गोऱ्या मुलाला उंच धरून आहे आणि तिचं स्वतःचं मूल खाली तिला झोंबतं आहे. घरकामगार बायकांत काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

२०१७ मध्ये न्यू जर्सीतल्या प्रदर्शनात तिने हॅरिएट टबमनला बंदुकीसह उभं केलं. ही हॅरिएट १८४९ मध्ये गुलामीतून स्वतः निसटली. मग जिवावर उदार होऊन पुन्हा पुन्हा मागे गेली आणि सुमारे ७० जणांना सोडवून आणलं. १८६३ मध्ये यादवी युद्धात तिने वाट दाखवलेल्या मोहिमेत ७०० हून अधिक गुलाम सुटले.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. हे नातं आपल्याला अभिमानाचं आहे. ती अर्पणपत्रिका वाचताना मी मनात हॅरिएटचं नाव जोडते. गुलामांना कुणीतरी सोडवलं एवढंच सांगितलं, की स्वतःची सुटका करून घेणाऱ्या बाया पुसल्या जातात.

आपल्या अहवालांतही हेच घडतं. भाकरी बांधून मोर्चाला आलेल्या, तुरुंगात गेलेल्या बायका ‘आणि असंख्य महिला’ या तीन शब्दांत संपतात. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या वस्तीतल्या अशा एकीचं नाव आणि तिचं काम लिहून आणावं. एकेक मणी ओवायला सुरुवात करू.