दिवा कुठं अडला?

दर वेळी मी गटाचा हिशेब, बँकेचं कर्ज नाहीतर गांडूळखत यांबद्दल बोलते. आज गाडीच्या वायरिंगबद्दल बोलणार आहे. हसलात तरी चालेल. आमच्या घरातलेही आधी हसलेच होते.

लॉकडाऊनमध्ये, 2020 साली, आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, परड्यात एक छोटी गाडी बनवली. इंजिन जुन्या रिक्षाचं, पुढचे दिवे भंगारातल्या मारुतीचे, सांगाडा लोखंडी अँगलचा. मागं गटाच्या खताची पाच-सहा पोती बसतात. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची भंगारातून बनवलेली जीप तुम्ही मोबाइलवर पाहिली असेल. आनंद महिंद्रांनी ती ठेवून घेऊन त्यांना बोलेरो दिली होती. आमच्या गाडीचं तसं काही नशीब नाही, पण जात तीच. एक आधीच सांगते, अशी घरी बनवलेली गाडी आरटीओत नोंद नसताना रस्त्यावर आणायची नसते. आमची गाडी घरापासून मळ्यापर्यंत आपल्याच शेतातल्या वाटेनं जाते, तेवढंच.

पुढं भाऊजी चाकणला कंपनीत कामाला गेले. गाडी राहिली मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्हा दोघींकडं. शेतीची लाइट आमच्याकडं बऱ्याचदा रात्रीची असते. मोटार चालू करायला मध्यरात्री मळ्यात जावं लागतं. दोन्ही बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. अशा वाटेवर पुढचे दिवे मंद व्हायला लागले. हॉर्न दाबला की जवळजवळ विझायचेच.

तालुक्याच्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बल्ब बदलले. चार दिवसांनी परत आला, स्विच बदलला. दोन्ही वेळचे पैसे गेले आणि दिवे तसेच. मला राग आला तो पैशाचा कमी आणि अंदाजाचा जास्त. गटाच्या हिशेबात शंभर रुपये कमी आले तर आपण नवी वही आणतो का? मागं मागं जाऊन कुठल्या पानावर चुकलं ते शोधतो.

भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मी सगळीकडं लालच वायर वापरलीय हो. भंगारवाल्याकडं तेवढंच बंडल होतं." घरी बनवलेल्या गाडीची खरी अडचण ही. कंपनीच्या गाडीत प्रत्येक वायरीला वेगळा रंग असतो, नकाशा असतो. इथं नकाशा होता तो फक्त भाऊजींच्या डोक्यात. मग त्यांनीच मला फोनवर टेस्टिंगचा दिवा करायला शिकवलं.

मोटारसायकलच्या इंडिकेटरचा 12 व्होल्टचा बल्ब घ्या, होल्डरसकट. त्याला हात-हातभर दोन वायरी जोडा. एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला गोधडीची दाभण. चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचा आणि दाभणीनं वायरीच्या जोडाला टोचायचं. बल्ब पेटला तर करंट तिथवर आलाय, नाही पेटला तर मागंच कुठंतरी अडलाय. ठिबकची नळी तुंबली की आपण मधेच उघडून पाणी आलं का बघतो, तसंच हे. तेही मधूनच सुरू करायचं, म्हणजे अर्धी वायर एका फटक्यात सुटते. हा दिवा फक्त 12 व्होल्टच्या साध्या वायरिंगसाठी बरं का. घरातल्या 230 व्होल्टच्या लाइनला तो चुकूनही लावायचा नाही. नव्या कंपनीच्या गाड्यांनाही नको, त्यांत कॉम्प्युटर असतो.

काम सुरू करण्याआधी हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं. मंगळसूत्र पदराआत घट्ट खोचायचं, नाहीतर तेही काढायचं. देवाधर्माचं म्हणून कुणी कुरकुरलं तरी काढायचं. बॅटरीच्या दोन टोकांवर सोन्याची बांगडी आडवी पडली तर ती क्षणात तापून मनगट भाजते. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. निगेटिव्ह सगळ्या सांगाड्याला जोडलेली असते. ती काढलेली असली की पाना सांगाड्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेतो, म्हणून जवळ चूल, कंदील, बिडी काही नको.

तर आमचे दिवे. दाभण लावली तर दिव्यापर्यंत करंट पुरता येत होता. मग अडलं कुठं? भाऊजी म्हणाले, "येतंय ते बघितलंत, आता परत जातंय का ते बघा." हे मला माहीतच नव्हतं. करंट बल्बमधून सांगाड्यात जातो आणि सांगाड्यातून परत बॅटरीला. त्या परतीच्या वाटेला अर्थ म्हणतात. एक जादा वायर दिव्याच्या अर्थपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला धरली आणि दिवा लख्ख पेटला! जाऊबाई ओरडलीच. दिव्यांचा आणि हॉर्नचा अर्थ एकाच बोल्टवर होता, आणि तो बोल्ट रंगावरच आवळलेला, वर गंज चढलेला. परतीची वाट चिंचोळी, त्यात हॉर्न शिरला की दिव्यांना जागा उरत नव्हती. पॉलिश पेपरनं रंग आणि गंज खरवडला, चकचकीत लोखंड आल्यावर बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीन लावलं. खर्च पॉलिश पेपरचा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज बोलले नसते. महिन्याभरानं मागच्या दिव्यांचा फ्यूज उडायला लागला. नवा घातला की उडायचा. घाईच्या दिवसांत घरातल्या कुणीतरी, नाव सांगत नाही, फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून घातली. संध्याकाळी जाऊ गाडी घेऊन मळ्यातून येत होती, शेजारी तिची सहा वर्षांची पोरगी. समोरच्या पत्र्याखालून धूर निघाला. जावेनं पोरीला आधी खाली ढकललं आणि मग बॅटरीची वायर ओढायला गेली, तर नट निघेना आणि पाना घरी. शेवटी खुरप्याच्या दांड्यानं ठोकून ठोकून ती वायर सुटली. तोवर हातभर वायरिंग वितळलं होतं. पेट्रोलची टाकी तिथून दोन हातांवर आहे.

फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, तो वायरीला वाचवायला असतो. वायरीनं जळायच्या आधी आपण जळायचं, हेच त्याचं काम. लाल फ्यूज 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा. लाल उडाला तर लालच घालायचा. परत उडाला तर घालायचंच थांबवायचं आणि शोधायचं.

शोधायचं कसं? जळालेली वायर बदलून झाल्यावर आम्ही मागचे सगळे बल्ब काढून ठेवले आणि फ्यूजच्या दोन टोकांमध्ये ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब जोडला. पुढं काहीच जोडलेलं नाही म्हटल्यावर तो पेटायला नको. तरी पेटला. म्हणजे करंट मधेच कुठंतरी सांगाड्यात पळत होता. बल्ब मध्ये असल्यानं आता काही जळत नाही, निवांत शोधता येतं. जाऊ बल्बाकडं बघत बसली आणि मी वायर वीतभर वीतभर हलवत मागं गेले. मागच्या पत्र्याच्या भोकापाशी हलवली आणि ती म्हणाली, "विझला गं ताई!" पत्र्याच्या धारेनं वायरीचं कातडं खाल्लं होतं. तेवढा तुकडा नवा घातला आणि भोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. आता प्रत्येक भोकाला ट्यूब आहे, आणि 10 नंबरचा पाना बॅटरीशेजारी सुतळीनं बांधलेला आहे.

जुन्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर मी गाडीचा नकाशा काढलाय. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिकटपट्टी आणि तिच्यावर नंबर. 7 नंबर म्हणजे हॉर्न. पुढच्या बैठकीला टेस्टिंगचा दिवा आणि वही दोन्ही घेऊन येते, ज्यांच्या घरी ट्रॅक्टर किंवा जुनी जीप आहे त्यांनी आपापला बल्ब आणि दाभण आणा. तिथंच करू.

आमचा 7 नंबर अजून पावसात कधीकधी आपोआप वाजतो. बटणाची वायर ओली झाली की कुठंतरी सांगाड्याला टेकत असणार. रविवारी भाऊजी यायच्या आत आम्हा दोघींना ती जागा शोधायची आहे.