रुग्णशय्येजवळचा औषधविद
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी ऋणी आहे. मी वैद्य नव्हे आणि औषधशास्त्राचा पदवीधरही नव्हे. मॅट्रिक होऊन उभा जन्म खडू-फळ्याशी गेलेला मी एक निवृत्त शिक्षक. परंतु माझी पुतणी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न अशा एका मोठ्या रुग्णालयात ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ म्हणून शिक्षण घेत आहे. तिच्या पुस्तकांतून व तिच्या तोंडून जे समजले आणि पुढे स्वतः वाचून जे पडताळून घेतले, ते आपणापुढे ठेवतो. आपल्या समाजात औषधांची दुकाने चालविणारी घराणी बरीच आहेत; मुलांनी कोणती विद्या घ्यावी हा प्रश्न तर घरोघरी आहे. यास्तव हा विषय अप्रस्तुत वाटणार नाही, अशी आशा आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, परिचारक आणि रोगी. चारही पाद गुणसंपन्न असतील तरच चिकित्सा उभी राहते. आजच्या रुग्णालयात पाहिले, तर वैद्याच्या जागी डॉक्टर आहे, परिचारकाच्या जागी परिचारिका आहे आणि रोग्यांची तर वाण नाहीच. परंतु द्रव्य या पादाची जबाबदारी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून कोणी घ्यावयाची? औषध जाणणारा मनुष्य पिढ्यान् पिढ्या तळमजल्यावरच्या खिडकीमागे बसला. चिठ्ठी आत आली, पुडी बाहेर गेली; ती कोणाच्या पोटात गेली आणि तेथे तिने काय केले, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. या औषधविदाला खिडकीतून उठवून खाटेजवळ आणणे, एवढ्या एका वाक्यात या नव्या शास्त्राचे सार आहे.

याचा इतिहास फार जुना नाही. १९६६ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर एक प्रयोग झाला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या त्या मजल्यावरच औषधविदांना बसविण्यात आले. ते डॉक्टरांबरोबर फेरीस जाऊ लागले व औषधांविषयी सल्ला देऊ लागले. ‘नववा मजला’ या नावानेच तो प्रयोग प्रसिद्धीस आला. पुढे १९७६ मध्ये त्या देशात औषधविदांच्या विशेष शाखांना मान्यता देणारे मंडळ स्थापन झाले आणि १९७८ साली पहिली शाखा मान्य झाली, ती किरणोत्सर्गी औषधांची.

आपल्या देशात औषधशास्त्राच्या उच्च शिक्षणाचा पाया १९३२ साली काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात प्रा. महादेवलाल श्रॉफ यांनी घातला. १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला. परंतु हे शिक्षण मुख्यतः कारखान्यांकडे तोंड करून उभे होते. रुग्णाकडे त्याची पाठ होती. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात म्हैसूर व उटकमंड येथील जेएसएस महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी रुग्णालयाच्या कक्षांत नेण्यास आरंभ केला. २००८ साली फार्मसी कौन्सिलने ‘फार्म. डी.’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातील पाच वर्षे अध्ययनाची असून सहावे संपूर्ण वर्ष रुग्णालयात उमेदवारीचे आहे.

आता या मंडळींचे नित्यकर्म पाहू. नवा रुग्ण दाखल झाला की तो आजवर काय काय घेत होता, याची यादी हे करतात. तीत डॉक्टरांच्या गोळ्याच नव्हेत, तर काढे, चूर्णे, शेजाऱ्याने दिलेली वेदनाशामके हीही येतात. मग प्रत्येक औषधाला चार प्रश्न विचारावयाचे : हे हवेच आहे काय? मात्रा बरोबर आहे काय? दुसऱ्या औषधाशी याचे वैर नाही ना? आणि हे परिणामकारक होत आहे की अपाय करीत आहे? मूत्रपिंड अर्ध्याच बळाने चालत असेल, तर पुष्कळ औषधे शरीरात साचत जातात. अशा वेळी मात्रा कमी करण्याचे गणित हे मांडतात. फेरीच्या वेळी डॉक्टरांपुढे सूचना ठेवतात. घरी जाताना रुग्णास कोणती गोळी केव्हा, कशाबरोबर घ्यावयाची हे समजावून देतात. अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो. परंतु निर्णयापूर्वी दुसऱ्या डोळ्यांनी एकदा पाहिले गेलेले असते. शाळेत आम्ही गुणपत्रके दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घेत असू, ती पहिल्यावर अविश्वास म्हणून नव्हे. तसाच हा प्रकार होय.

एक घडलेली गोष्ट सांगतो. माझे वडील बंधु अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पायांना सूज व चालताना भोवळ, म्हणून त्यांना रुग्णालयात नेले. एका तरुण मुलीने त्यांची औषधांची पिशवीच चादरीवर ओतली. तीत रक्तदाबाच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या निघाल्या. एक गावच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी शहरातल्या तज्ज्ञांनी. वेष्टने निराळी, रंग निराळे. आत मात्र द्रव्य एकच, अ‍ॅम्लोडिपिन! दोघांनीही योग्य तेच दिले होते. पण दोन्ही कागद एकत्र कोणी ठेवले नव्हते. तिने ते डॉक्टरांच्या नजरेस आणले, एक गोळी बंद झाली आणि सूजही ओसरली. महाग तपासणी नाही की शस्त्रक्रिया नाही.

शिक्षण देणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत या विद्येलाही शाखा फुटतात. कारण सर्व औषधे एकालाच सारखी येणे आता अशक्य झाले आहे.

प्रथम कर्करोगाचा विभाग घ्या. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन हे औषध मिळते. रक्ताच्या कर्करोगात ते जीवदान देते. परंतु ते केवळ शिरेतूनच द्यावयाचे असते. चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात गेले तर मृत्यूच ओढवतो. म्हणून ते पिचकारीत न भरता छोट्या पिशवीत पातळ करून द्यावे, म्हणजे कण्यात टोचण्याचा संभवच उरत नाही, अशी शिस्त या शाखेचे औषधविद पाळतात व पाळावयास लावतात. मेथोट्रेक्सेटचेही तसेच. संधिवाताच्या रुग्णाने ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे; ‘रोज’ समजून घेतले तर अस्थिमज्जा नष्ट होऊन प्राणावर बेतते.

हृद्रोग विभागात रक्त गोठू न देणाऱ्या औषधांचा कारभार असतो. वॉरफरिन किंवा असिनोकुमारोल घेणाऱ्याची रक्तचाचणी बहुतेक कारणांसाठी २ ते ३ या अंकांत ठेवावी लागते. कमी झाली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. पालक-मेथीतील के जीवनसत्त्व या औषधास विरोध करते. याचा अर्थ भाजी सोडावी असा नव्हे. प्रमाण रोजचे सारखे ठेवावे, एवढाच होय.

मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णास टॅक्रोलिमस आजन्म घ्यावे लागते. त्याला क्षय झाला आणि रिफॅम्पिसिन सुरू केले, तर टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण झपाट्याने घसरते व शरीर ते नवे मूत्रपिंड नाकारू लागते. कोणा आईने मुलाला दिलेले मूत्रपिंड अशा रीतीने वाया जावे, याहून दुःख ते कोणते? त्या विभागातील औषधविद रक्तातील मात्रेचे आकडे रोज पाहतो, तो याचसाठी.

बालविभागात सर्व हिशेब वजनावर चालतो. दशांशचिन्हाची खरी किंमत तेथे कळते. अर्धा लिहिताना शून्य न लिहिता नुसता टिंब व पाच लिहिले, टिंब पुसट उमटला, की तान्ह्या बाळास दसपट औषध जाते. मी गणित शिकवीत असता दशांशचिन्ह विसरणाऱ्या मुलाचा एक गुण कापीत असे. तेथे गुण नव्हे, श्वास कापला जातो.

अतिदक्षता विभागात नळीवाटे अन्न घेणाऱ्या रुग्णास कोणती गोळी कुटून द्यावी व कोणती मुळीच कुटू नये, याचा विचार होतो. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली, तर दिवसभराचे औषध एकदम अंगी लागते. जंतुविकार विभागात उगाच चालू राहिलेली प्रतिजैविके थांबविणे, आणि तपासणीचा निकाल येताच साध्या औषधावर आणणे हे काम. मानसोपचारात लिथियम घेणाऱ्याने निर्जळी उपवास केला किंवा मनानेच वेदनाशामक घेतले, तर ते रक्तात वाढून विषासमान होते. तेथे घरच्यांना शिकविणे हीच अर्धी चिकित्सा. याखेरीज, डॉक्टरांच्या शंकांना ग्रंथ पाहून उत्तर देणारा औषधमाहिती कक्ष असतो.

औषधाविषयीची उदासीनता काय करू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेले व चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. औषधाची खरेदी, परीक्षा आणि वाटप ही केवळ कारकुनी नव्हे, हा धडा चौदा जिवांच्या मोलाने मिळाला.

आता जे बोलण्यासाठी मी मुख्यतः उभा आहे, ते सांगतो. सहा वर्षे शिकून बाहेर पडलेल्या या मुलामुलींना आज उभे राहण्यास जागा किती आहे? २०१५ साली फार्मसी व्यवसायाचे नियम झाले. २०२१ साली त्यांत दुरुस्ती होऊन क्लिनिकल फार्मासिस्ट हे पदही अंतर्भूत झाले. कागदावर पद आले. पण कागदावरच्या पदास पगार नसतो. माझ्या पुतणीच्या वर्गातील कित्येकांनी औषधकंपन्यांच्या कचेऱ्यांत नोकऱ्या धरल्या, काही परदेशी जाण्याच्या तयारीत आहेत. ज्याने खाटेजवळ उभे राहावयाचे तो पुन्हा खाटेपासून दूर गेला. यात केवळ त्या मुलांचे नुकसान नाही. माझ्या बंधूंसारख्या, पिशवीभर औषधे घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक वृद्धाचे ते नुकसान आहे.

आणि आपण समाज म्हणून काय करतो? वैद्यकीयची जागा हुकली म्हणून नाइलाजाने घेतलेली विद्या, असे हिला हिणवतो. मुलीचे स्थळ सांगताना ‘फार्मसी केली आहे’ हे शब्द आवाज खाली आणून उच्चारतो. हे योग्य नव्हे.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली कार्यकारी मंडळास : आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून डॉक्टर व इंजिनियर होणाऱ्यांना मदत मिळते, तशी ती या शिक्षणालाही खुली करावी, आणि आपले जे सभासद रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत त्यांनी निदान एकेक पद पगारासह निर्माण करविण्याचा यत्न करावा.

दुसरी दुकानदार बंधूंस : गल्ल्यापलीकडे उभा असलेला मनुष्य हा गिऱ्हाईक असण्याआधी रुग्ण आहे. इन्शुलिनचेच पाहा. ४० बलाची बाटली निराळी, १०० बलाची निराळी. ४० ची पिचकारी लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० बलाचे इन्शुलिन ४० च्या पिचकारीत २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात! बाटली देताना पिचकारी ताडून पाहण्यास अर्धे मिनिट लागते.

तिसरी विनंती सर्वांस : घरातील प्रत्येक वृद्धाच्या औषधांची एक यादी, द्रव्याच्या मूळ नावासह, करून ठेवा व कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या. औषधाने अपाय झाला असे वाटले, तर डॉक्टरांना सांगाच. शिवाय २०१० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही कळवता येते.

चिकित्सेचा एक पाद आखूड राहिला, तर उरलेले तीन कितीही भक्कम असोत, चौरंग डळमळतोच. तो पाद पुरा करणारी मुले आपल्याच घरांत वाढत आहेत. त्यांना मान द्या, बळ द्या.