उद्योगारंभ आणि परवाने



आपल्या नागपुरात घरी सांडगे, सावजी मसाला करून विकणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. 'उद्यम' नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले की परवाना मिळाला, असे त्यांतील कित्येकी समजतात. 1 जुलै 2020 पासूनची ही नोंदणी उद्योगाची ओळख होय, अनुज्ञा नव्हे. शिवाय ती विनामूल्य. मध्यस्थास मोजलेले रुपये व्यर्थच! पदार्थ घरच्या चुलीवरचा असला तरी विक्रीसाठी 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये निराळी नोंदणी लागतेच. दुकानदाराचे ओझे मात्र थोडे हलके झाले आहे. 2017 च्या राज्य कायद्याने मुळात 10 हून कमी कामगार असल्यास नोंदणीऐवजी केवळ सूचना पुरेशी ठरविली. तिची पावती जपून ठेवावी. बँकेत चालू खाते उघडताना ती उपयोगी पडते.